डाव्या बाजूचा ब्रेक

डोंबिवली (पूर्व),
गुरुवार

आदरणीय नाथाकाका,

संदेशचा मनापासून जय भीम. हेमाकाकींनाही सांगा, आणि पत्र कुणाचं आहे हे कळल्यावर त्या "फाडून टाका" म्हणाल्या, तर निदान दुसऱ्या पानापर्यंत वाचून मग फाडा अशी विनंती. तब्येत कशी आहे? बीपी, शुगर, पाठ, या वयात जे जे बिऱ्हाड थाटून बसतं ते सगळं आटोक्यात असेल अशी आशा आहे. काकींच्या हातची सुक्या जवळ्याची चटणी अजून आठवते (या वाक्याचा पुढच्या मजकुराशी दुर्दैवानं संबंध येणार आहे). डोंबिवलीहून वर्तकनगरला पोस्टानं पत्र पाठवणारा मी बहुधा शेवटचा माणूस असेन. तिकीट मागितलं तर पोस्टातल्या बाईंनी "कुठल्या स्पर्धेला पाठवताय?" असं विचारलं. पण फोन केला की तुम्ही माझा आवाज ओळखता आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून देता, आणि तेही "जप रे" म्हणून ठेवता. त्यामुळे पुन्हा करवत नाही.

आता पत्राचं कारण. तसं खास काही नाही. म्हणजे आहे, पण ते लिहायला धीर गोळा करावा लागेल, तो लिहिता लिहिता होईल. तूर्त एवढंच समजा की माझी मोठी फजिती झालेली आहे, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे, आणि अर्ध्या डोंबिवलीनं ती प्रत्यक्ष पाहिल्यामुळे इथे ऐकायला कुणी शिल्लक नाही.

या पत्रात अण्णांचं नाव घ्यायचं नाही असं पक्कं ठरवून बसलो होतो, ते पहिल्याच पानावर मोडतो आहे. आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला तुम्ही आला होतात, शेवटच्या रांगेत बसलात, वंदना संपल्यावर न जेवता निघून गेलात, ते मी पाहिलं होतं. अण्णांनीही पाहिलं होतं. त्यानंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी जिना उतरणंच सोडलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही (पुनर्विकास होणार आहे; माझं लग्न ठरलं तेव्हाही होणारच होता). डॉक्टर म्हणतात गुडघा झकास बसलाय, पण हा माणूस असाच बसून राहिला तर तो आखडेल, मग खाटच धरायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना अण्णांनी "तुम्हीच दमलेल्या दिसता" असं म्हणून चहा पाजून परत पाठवलं. दिवसभर खुर्चीत, तोंड भिंतीकडे. टीव्ही लावला तर बंद करतात, बंद केला तर का केला विचारतात. मला भीती वाटायला लागली, काका. एकदा मी वैतागून म्हटलं, अण्णा, काय केलं म्हणजे तुम्ही खाली उतराल ते तरी सांगा. भिंतीकडे बघतच म्हणाले, "गाडी असती तर उतरलो असतो." बस्स, एवढंच. आणि मी, ज्याला घरातला नळ गळायला लागला तर वॉशर कुठला घालायचा ते समजत नाही, त्यानं बायकोसमोर छाती ठोकून सांगितलं की मी गाडी परत आणून दाखवतो. रसिका म्हणाली, आधी गिरणीतून दळण आणून दाखवा.

ती गाडी काय होती हे तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणाच आहे, पण लिहायला बसलोच आहे तर लिहू द्या. आपल्या चाळीतली पहिली गाडी, निळी मारुती. अण्णांनी हौसेनं घेतली, पेढे वाटून झाले, आणि मग चाळीच्या ध्यानात आलं की गुणाजीला गाडी चालवता येत नाही. पुढेही येणार नाही, कारण लाल आणि हिरवा यांतला फरक त्यांना दिसत नसल्यामुळे लायसन्स मिळणार नाही. निळा मात्र त्यांना लख्ख दिसतो, म्हणून गाडी निळी (दुसरंही कारण होतं, ते आपल्या लोकांना सांगायला नको). तुम्ही कंपनीची बस चालवायचात आणि आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचात. म्हणून गाडी अण्णांची आणि लायसन्स तुमचं असा संसार सुरू झाला. लग्नं, बाळंतपणं, जयंतीची मिरवणूक, चवदार तळ्याची सहल, सगळीकडे उजवीकडे तुम्ही आणि डावीकडे अण्णा. ज्या माणसाला सिग्नलचा रंग कळत नाही तो माणूस तुम्हाला वर्षानुवर्षं सिग्नल सांगत होता. "थांब, थांब, लाल आहे!" म्हणून हिरव्यावर ओरडायचे आणि पायाखालचा नसलेला ब्रेक करकचून दाबायचे. तुम्हीही काही कमी नव्हतात. उत्तर दिल्याशिवाय गिअर टाकत नव्हतात. आम्ही मागच्या सीटवर बसून अख्ख्या प्रवासात एक शब्द बोलू शकत नसू. त्या नसलेल्या ब्रेकनं आधी मॅट झिजलं, मग खालचा पत्रा गेला, तेव्हा तुम्ही शेंगदाणा तेलाच्या डब्याचा तुकडा कापून तिथे रिबिटा मारून बसवलात. त्यावरचं शेंगेचं चित्र वरच्या बाजूला आलं होतं, आणि अण्णा पुढची सगळी वर्षं त्या शेंगेवर पाय देऊन तुमचे प्राण वाचवत राहिले.

आणि मग दुर्गाडीचा पूल. ठाण्याहून लग्न उरकून येत होतो, पुढे मागे गाड्यांची रांग, आणि अण्णांनी कोन गावापासून पुलापर्यंत किती वेळा ब्रेक दाबला ते मोजायच्या पलीकडे गेलं होतं. तुम्ही भर पुलावर इंजिन बंद केलंत, किल्ली काढून अण्णांच्या हातात ठेवलीत, "घे, तू चालव" म्हणालात आणि कल्याणच्या दिशेनं चालायला लागलात. मागे आई, दर्शनाताई आणि मी, मांडीवर बुंदीच्या लाडवांची पुडकी. शेवटी एका टेम्पोवाल्यानं आमची गाडी पुलाच्या पलीकडे काढून दिली. त्या दिवसापासून तुम्ही दोघं बोलला नाहीत. तुम्ही ठाण्याला राहायला गेलात, अण्णांनी गाडी विकली, आणि आमच्या घरात तो विषय काढायचा नाही असा कायदा झाला. चूक कुणाची यात मी पडत नाही. मी तेव्हा लाडू खात होतो.

शोध सुरू केला तो अण्णांच्या नकळत, त्यामुळे त्यांना काही विचारायची सोय नव्हती. गाडी विकून देणारा एजंट वारलेला. दर्शनाताईला तेवढं आठवलं की वर्तकनगरच्या कुणी रतन मास्तरांनी घेतली होती. म्हणजे शोधाच्या पहिल्याच दिवशी मी तुमच्या गल्लीत येऊन उभा राहिलो. तुम्ही समोर भाजीवाल्याकडे कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून बघत होतात. मी झटकन उसाच्या गुऱ्हाळामागे लपलो. गुऱ्हाळवाल्याला वाटलं गिऱ्हाईक लाजतंय, त्यानं ग्लास हातात दिला. तुमची कोथिंबीर संपेना, त्यामुळे मला दुसरा ग्लास घ्यावा लागला (शुगर मलाही आहे, हे इथे नमूद करून ठेवतो).

मास्तर भला माणूस. ते म्हणाले, मला गाडी घ्यायचीच नव्हती. नाथा येऊन मागे लागला की माझ्या दोस्ताची गाडी आहे, तो विकायला निघालाय, कुणा भलत्याच्या हाती जाऊ देऊ नका, मास्तर, तुम्ही घ्या. पुढे मास्तर असंही म्हणाले की गाडी त्यांच्याकडे असेपर्यंत तुम्ही संध्याकाळी खाली यायचात आणि तिच्या काचा पुसून जायचात. बसायचा मात्र नाहीत. काका, हे ऐकल्यावर मला तिथे मास्तरांच्या समोर रडू आलं, आणि मास्तरांनी मला तिसरा ग्लास दिला, पाण्याचा. मी रस्ता ओलांडून तुमच्या जिन्यापर्यंत आलोही होतो. पहिल्या पायरीवर चपलेचा अंगठा तुटला, तो अपशकुन समजून मी परत फिरलो. आपण शकुन-अपशकुन मानत नाही हे मला माहीत आहे. त्या दिवशी सोयीचं पडलं म्हणून मानला. खरं म्हणजे घाबरलो.

मास्तरांनी गाडी पुढे एका ड्रायव्हिंग स्कूलला दिली होती, आणि ते स्कूल कुठलं, तर डोंबिवलीतलं, आमच्या मागच्या रस्त्यावरचं! म्हणजे आमची गाडी पिवळा रंग लावून, डोक्यावर पाटी घेऊन, कितीतरी वर्षं आमच्याच गॅलरीखालून रांगत जात होती. मी तिला रिक्षातून शिव्या घातल्या आहेत. अण्णांनी गॅलरीतून घातल्या आहेत. एकदा त्या पिवळ्या गाडीनं आमच्या गेटला धक्का दिला, तेव्हा सोसायटीतर्फे निषेधाचं कडक पत्र मीच लिहिलं होतं आणि त्यात "सदर भंगार वाहन" असा शब्दप्रयोग केला होता. सगळ्यांनी त्या शब्दप्रयोगाचं कौतुक केलं होतं.

ते स्कूल बंद पडलं आणि गाडी गेली शहाडला, नदीकडच्या अंगाला राहणाऱ्या रंभामावशींकडे. मावशी सुकी मासळी विकतात. गाडी मुलानं धंद्यासाठी घेतली, ती बंद पडली, मुलगा नोकरीला लागला आणि मावशींनी गाडीत बोंबील, सुकट, जवळा भरून ठेवायला सुरुवात केली. पुढची सीट काढलेली नव्हती, कारण दुपारी त्या तिथे झोपायच्या. मी पोचलो तेव्हा झोपल्या होत्या. मला जे दिसलं ते असं : चार चाकांपैकी दोन विटा, पिवळ्या रंगाचे पोपडे, आणि काचेला टेकलेले बोंबील. ही आपलीच हे कशावरून ओळखायचं? मी डावीकडचं दार उघडलं, मावशींची उशी सरकवली आणि खाली वाकलो. पत्र्यावर तेलाच्या डब्याचा तुकडा होता, गंजलेला, आणि त्यावर अर्धी शेंग. आणि काका, त्या शेंगेच्या बरोब्बर वर एक खरा ब्रेक होता! ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी शिकवणाऱ्यासाठी डाव्या बाजूला बसवलेला. ज्या जागेवर अण्णांनी उभी हयात पाय आपटला, तिथे कुणा तिऱ्हाइतानं आपण होऊन ब्रेक लावून ठेवला होता. मी हसत सुटलो. मावशी जागा झाल्या, आणि आपल्या उशाशी एक चष्मेवाला माणूस बसून हसतोय हे बघून त्यांनी जे म्हटलं ते मी काकींच्या नजरेस पडणाऱ्या पत्रात लिहू शकत नाही.

गाडी विकायला त्या तयार होईनात. "बाला, ही गारी नाय र, ह्यो माजा कपाट हाय. कपाट कुनी इकतं का?" मी माझ्या कार्यालयीन अनुभवातून (विम्याचे दावे नाकारण्यात हयात गेली आहे) त्यांच्याशी वाटाघाटी केल्या आणि शेवटी त्या म्हणतील ते कबूल केलं. कपाट द्या, कपाट घेऊन जा. आता रिकामं कपाट माझ्या घरात एकच होतं, आणि तेही रिकामं नव्हतं. रसिकाच्या माहेरचं, लग्नातलं लोखंडी कपाट. रसिका दर्शनाताईकडे गेलेली असताना मी ते टेम्पोत घालून शहाडला पोचवलं आणि तिच्या साड्या बिछान्यावर नीट घड्या घालून ठेवल्या. घड्या नीट होत्या, हे तिनंही मान्य केलं. तिनं मान्य केलेली ती शेवटची गोष्ट. हल्ली आमच्यात जे बोलणं होतं ते भाजीत मीठ आहे की नाही एवढ्यापुरतं.

दुरुस्तीला गाडी दिली कल्याणला, नेतिवली नाक्याजवळच्या साईनाथच्या गॅरेजमध्ये. साईनाथ बोलायला फार गोड. "साहेब, टेन्शन घेऊ नका, मंगळवारी गाडी तुमच्या दारात." मी निर्धास्त झालो. कुठला मंगळवार, हे विचारायचं राहिलं. मी दर मंगळवारी जायचो आणि तो दर मंगळवारी मला पाहून मनापासून आनंदित व्हायचा. त्याचं मत असं की गाडी बरी व्हायला मालकाचं मन शांत लागतं. तिकडे मी मोबाइलवर जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचे व्हिडिओ बघून तयार झालो होतो आणि त्याला सूचना देत होतो. कार्ब्युरेटर समजून मी ज्या भागावर अर्धा तास बोललो तो हॉर्न निघाला. साईनाथनं शेवटपर्यंत मान डोलावली, मग तो हॉर्न उचलून दुसऱ्या गाडीला लावला.

रंगाची वेगळीच कथा. मूळचा निळा कुठला, हे कुणालाच सांगता येईना. अण्णांना तर विचारायचं नव्हतं. मग मला आठवलं की आईनं जयंतीला नेसायची साडी गाडीच्या रंगाला जुळवून घेतली होती. मी ती साडी पिशवीतून नेतिवलीला नेली आणि रंगाऱ्यासमोर धरून बसलो. गॅरेजच्या पत्र्याखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात, रंग हुबेहूब जुळला. बाहेर उन्हात गाडी काढली तर ती पाण्याच्या पिंपासारखी दिसायला लागली. साडीच्या पदरावर रंगाचा एक ठिपकाही पडला आहे. घडी उलटी घालून ती साडी ठेवून दिली (खोक्यात, कपाट शहाडला असल्यामुळे).

राहता राहिला वास. सीटची कव्हरं बदलली, आतून साबणानं धुतलं, लिंबं ठेवली, कॉफीची पूड ठेवली, रसिकाची उंची अगरबत्ती लावली. त्याचा परिणाम एवढाच झाला की आता गाडीला अगरबत्ती लावलेल्या बोंबलाचा वास येतो. साईनाथकडून घरी आणताना पत्रीपुलापाशी थांबलो तर दोन मांजरं बॉनेटवर चढली. डाव्या बाजूचा ब्रेक काढायचा का, असं साईनाथनं विचारलं होतं. मी म्हटलं, राहू दे. माझ्या मनात होतं की अण्णांना गंमत वाटेल. आयुष्यात केलेल्या विनोदांपैकी हा सगळ्यात महागात पडला.

गाडी गेटात उभी केली आणि वर जाऊन म्हटलं, अण्णा, खाली चला, गाडी आली आहे. त्यांनी विचारलं, "कुठली?" मी म्हटलं, आपली. ते उठले, काका. काठी घेतली, कठड्याला धरलं आणि एकेक पायरी करत सगळा जिना उतरले. प्रत्येक मजल्यावर दारं उघडून माणसं उभी होती. व्यायामाच्या बाईंना जे जमलं नाही ते त्या भंगार वाहनानं केलं. खाली आल्यावर त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "निळा जास्त झालाय." मग आपणहून डावीकडचं दार उघडून आत बसले, एकदा हुंगलं, पण काही विचारलं नाही. उजवीकडे मी बसलो.

लायसन्स माझ्याकडे तरुणपणापासून आहे. ते ओळखपत्र म्हणून फार उपयोगी पडतं. आम्ही निघालो. घरडा सर्कलपर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये आणि घामात होतो. सर्कलला सिग्नल हिरवा झाला, मी गाडी पुढे घेतली, अण्णा ओरडले, "थांब, लाल आहे!" आणि त्यांनी सवयीनं पाय दाबला. गाडी थांबली. जागच्या जागी, चौकाच्या मधोमध. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या पायाला गाडीनं जुमानलं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. मी पुन्हा गाडी चालू केली, त्यांनी खात्री करून घेण्यासाठी पुन्हा दाबलं. नंतर नंतर तर ते मजेत दाबत होते. मागे बसची, रिक्षांची, एका लग्नाच्या बँडच्या गाडीची रांग लागली. बँडवाल्यांनी वेळ जात नाही म्हणून वाजवायला सुरुवात केली. शेवटी ट्रॅफिक हवालदारानं चार माणसं गोळा करून गाडी बाजूला ढकलली आणि मला विचारलं, "चालवतंय कोण?" या प्रश्नाचं खरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "तुझं काम नाही." म्हणून मी प्रशांत नावाचा एक पगारी ड्रायव्हर बोलावला, चाळिशीचा, निर्व्यसनी, अतिशय शांत. अण्णांनी ब्रेक दाबला की तो स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवायचा आणि "बरं काका, तुमचं झालं की निघू" म्हणायचा. अण्णा सावळाराम क्रीडा संकुलापर्यंत जाऊन परत आले. वर येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तो माणूस भांडतच नाही. असल्या माणसाबरोबर जायचं तरी कुठे?" प्रशांतला मी त्या दिवसाचे पैसे देऊन निरोप दिला. त्यालाही हायसं वाटलं असावं, कारण मांजरं त्याच्या मागे लागली होती.

तेव्हापासून गाडी इमारतीखाली उभीच आहे. अण्णा मात्र रोज संध्याकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरतात, डाव्या सीटवर बसतात, काच खाली करतात आणि रस्त्याकडे बघत राहतात. अंधार पडला की वर येतात. डॉक्टर खूश आहेत, म्हणतात गुडघा सुधारला, काय औषध दिलंत? परवा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ गप्पा मारायला म्हणून उजवीकडचं दार उघडून बसायला लागले, तर अण्णांनी सीटवर हात आडवा ठेवला आणि म्हणाले, "तिथे माणूस आहे." ते गृहस्थ बिचारे इकडेतिकडे बघून निघून गेले. मी जिन्यात उभा होतो. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

बाकी सर्व ठीक आहे. रसिका ठीक आहे (असा अंदाज आहे). काकींना पुन्हा जय भीम.

तुमचा,
संदेश

ता. क. : धीर गोळा झाला. काका, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं आणि तुम्ही अजून नातवाची गाडी चालवता, हे मला रतन मास्तरांकडून कळलं आहे. एकदा याल का? गाडी आमच्या गल्लीतून एक फेरी मारून परत लावली तरी चालेल. मी मागे बसेन, तोंड उघडणार नाही, लाडूही आणणार नाही. हे पत्र लिहितोय हे अण्णांना ठाऊक नाही, तेव्हा तुम्ही आलात तर सहज आलो म्हणा.

ता. क. २ : अण्णांना ठाऊक आहे. मी तिकीट लावायला डिंक शोधत होतो, तेवढ्यात त्यांनी पत्र उचललं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं. त्यांचं म्हणणं, पुलावरचा मजकूर चुकीचा आहे. तुम्ही "घे, तू चालव" असं म्हणाला नव्हतात, "घे बाबा, आता तूच चालव" असं म्हणाला होतात, आणि तुमचा आवाज बसला होता. माझ्या ड्रायव्हिंगचं वर्णनही सौम्य आहे म्हणतात. मास्तरांच्या गाडीच्या काचांविषयी वाचल्यावर चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग मला विचारलं, "मागची काचसुद्धा पुसायचा?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही. म्हणाले, "विचार त्याला."

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, ते त्यांनी पुन्हा फोडायला लावलं. पुढचे शब्द त्यांचे आहेत, मी फक्त लिहून घेतोय : "नाथा, रविवारी सकाळी आठला निघायचंय. कुठे जायचं ते अजून ठरवलेलं नाही. वेळेवर ये. उशीर केलास तर मी थांबणार नाही, गाडी घेऊन निघून जाईन."